वाढत्या अंगाचं ॲडमिशन

नवा माणूस भेटला की आपण नमस्कार करतो, नाव सांगतो, गाव विचारतो. आमचे शेजारी मल्लिनाथमालक आकडा सांगतात. होटगी रोडच्या या गल्लीत मी राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून गाद्या उतरवत होतो. शेजारच्या बंगल्यातून एक गृहस्थ चपला फटकावत आले, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "चाळीस. श्वास सोडला की बेचाळीस."

मी दचकून श्वास सोडला. "बगा," असं म्हणून ते समाधानानं हसले आणि आल्या वाटेनं परत गेले. बायकोनं विचारलं, "कोण होते?" मी म्हटलं, "माहीत नाही. पण त्यांना माझ्याबद्दल बरंच माहीत आहे."

सोलापुरात कुणीही कुणालाही मालक म्हणतं. रिक्षावाला गिऱ्हाइकाला मालक म्हणतो, गिऱ्हाईक रिक्षावाल्याला मालक म्हणतं, आणि भांडण झालं तरी ते दोन मालकांतच होतं. आमचे मल्लिनाथमालक मात्र खरोखरीचे मालक. शाळेच्या गणवेशांचा त्यांचा मोठा कारखाना आहे, आणि त्याला लागून दुकान. "आमच्या चड्ड्या घालून पार परराज्यातली पोरं नापास व्हत्यात," असं ते अभिमानानं सांगतात. सगळा जन्म मापं घेण्यात गेल्यामुळे त्यांना माणसं नावानं आठवत नाहीत. मी शिकवतो त्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे 'ते अडतीस, लांब बाह्याचे'. बँकेचे मॅनेजर म्हणजे 'चव्वेचाळीस, मान न्हाय'. बायकांचा आकडा मात्र त्यांनी कधी उच्चारला नाही. तेवढी मर्यादा ते पाळतात.

आकडे ही झाली सवय. मालकांचा धर्म वेगळाच आहे, आणि तो धर्म म्हणजे 'वाढत्या अंगाचं'.

जून महिन्यात गणवेशाच्या दुकानात उभं राहिलात तर हे शब्द तुम्हाला दर दोन मिनिटांनी ऐकू येतील. पोराला पुढं ढकलून आई म्हणते, "जरा वाढत्या अंगाचा द्या." म्हणजे यंदा ढगळ, पुढच्या वर्षी बरोबर, त्याच्या पुढच्या वर्षी कसाबसा. बाकीच्या लोकांसाठी ही काटकसर आहे. मालकांसाठी ते तत्त्वज्ञान आहे. "सर, पोरगं काय तेवढंच ऱ्हातंय व्हय? वाढतंय की!" हे वाक्य ते दिवसातून इतक्या वेळा म्हणतात की त्यांच्या दुकानातला पोपटसुद्धा एव्हाना शिकला असता. पोपट नाही, म्हणून वाचला.

त्यांच्या स्वतःच्या चपला दोन नंबर मोठ्या. त्यामुळे आधी आवाज येतो, मग चपला येतात आणि शेवटी मालक येतात. बंगला दोन मजल्यांचा, पण जिना चार मजल्यांचा. वरचे मजले पुढं कधीतरी वाढतील म्हणून जिना आधीच चढवून ठेवलाय. वर एक दार आहे आणि दाराला बेल आहे. दाबली की खाली स्वयंपाकघरात वाजते, आणि काकू, म्हणजे मालकांची बायको, ओरडतात, "कावळा आला असंल!" घरात माणसं तीन, गाडी बारा जणांची. भाजीला जातात तेव्हा मागच्या सीटवर कोथिंबीर एकटी बसून येते. काकूंची लग्नातली अंगठी इतकी मोठी होती की दोरा गुंडाळून घालावी लागली. "म्हणाले, अंग भरंल तुजं," काकू सांगतात. "अंग भरलं, बोट काय भरंना झालंय. अजून दोरा हायच."

मी शाळेत पीटीचा सर आहे. एका वर्षी आमच्या शाळेची गणवेशाची ऑर्डर मालकांकडं गेली. त्या वर्षीच्या स्पर्धांमध्ये पहिलीचा अख्खा वर्ग एका हातानं चड्डी धरून पळाला. शंभर मीटरला ते चाललं. रिलेत मात्र बॅटन घ्यायला दुसरा हात पुढं करायचा होता, आणि व्हायचं ते झालं. प्रमुख पाहुण्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. मालक पहिल्या रांगेतून ओरडत होते, "वाढतील की! दिवाळीपत्तुर वाढतील!"

अशा घरात गौरी वाढली. मालकांची एकुलती एक मुलगी. पहिलीत असताना तिला मोठ्या माणसाची सायकल आणली होती. पाय पायडलला टेकेपर्यंत ती सहा वर्षं नुसती त्या सायकलकडं बघत बसली, आणि पाय टेकले तेव्हा टायर कुजले होते. पण पोरगी वस्ताद. दर जूनला बापानं आणलेला ढगळ गणवेश ती निमूट घ्यायची आणि दुपारी आमच्या घरी येऊन माझ्या बायकोच्या मशीनवर आपल्या मापाचा करून घ्यायची. बोलायची कमी, पण बोलली की खरं बोलायची. एकदा मी तिला विचारलं, "माझी शिटी कशी वाटते गं लांबून?" ती म्हणाली, "कुकरसारखी." तेव्हापासून मी तिला काही विचारताना जपून असतो.

गौरी बारावी झाली. मार्क चांगले पडले. म्हणजे पेपरात फोटो येण्याइतके नाहीत, पण पेढे वाटण्याइतके. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेतही बरं जमलं. इथल्याच, सोलापूरच्या कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागेल असा तिचा हिशेब होता आणि ती खुशीत होती. पेढे घेऊन आमच्याकडं आली तेव्हा म्हणाली, "सर, हे माझे मार्क आहेत. एकटीचे."

मालक खुशीत नव्हते. त्यांच्या साडूचं बार्शीत धान्याचं मोठं दुकान आहे, आणि त्या साडूचा मुलगा पुण्याच्या एका बड्या कॉलेजात शिकतो. नेमकं कसं शिकतो ते घरात कुणी विचारत नाही. "त्या बत्तीस नंबरचं पोरगं पुण्यात, आन माजी पोरगी हितं? सोलापूरचं कालेज तिला आज बसतंय हो. पण उद्या? वाढत्या अंगाचं नको व्हय?"

"मालक, मार्क आहेत तेवढेच आहेत," मी म्हणालो.

"मार्क काय तेवढंच ऱ्हातंय व्हय?" मालक म्हणाले.

आठवड्यात एक एजंट उगवला. कुठला, कुणाचा, काही कळलं नाही. तीन मोबाईल आणि एकच वाक्य, "काम झालं समजा." त्यानं सांगितलं की त्या बड्या कॉलेजात खेळाडूंसाठी थोड्या जागा राखीव असतात. राज्यपातळीवरचं प्रमाणपत्र पाहिजे. ते मिळतं. म्हणजे खेळून मिळतं, आणि त्याच्याकडूनही मिळतं.

"मॅडम कोणता खेळ खेळतात?" त्यानं विचारलं.

"कॅरम," मालक म्हणाले. "माज्यासंगट. जिंकती."

एजंटनं कॅरमकडं दुर्लक्ष केलं. कबड्डी नको, खो-खो नको, असल्या खेळांत गल्लीतलं पोरही चूक काढतं. ज्या खेळाला सोलापुरात कुणी ओळखतच नाही, असा खेळ हवा. त्यानं बराच विचार केला आणि नौकानयन काढलं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं की आमच्या शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी लोक रजा टाकतात. अशा गावातली मुलगी होड्या वल्हवण्यात राज्यात गाजली, यावर विश्वास ठेवायला माणूस एकतर फार भोळा पाहिजे, नाहीतर एजंट पाहिजे. आमचे मालक यांपैकी कुणीच नाहीत, ते बाप आहेत. प्रमाणपत्र आलं. एजंट ब्राँझ पदकाचं आणणार होता. मालकांनी सांगितलं, "वाढत्या अंगाचं द्या." मग तो रौप्यपदकाचं घेऊन आला. मालकांचा सुवर्णासाठीही आग्रह होता, पण एजंट म्हणाला की थोडी तरी लाज ठेवावी लागते.

गौरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. मालकांना तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता. त्यांनी प्रमाणपत्र फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी टांगलं, हार घातला, आणि आम्हाला शिऱ्याला बोलावलं. गौरीनं ते वाचलं. दोनदा वाचलं. मग शांतपणे विचारलं, "अप्पा, मला माझं मी जमणार न्हाई, असं तुमाला कवापासून वाटायलंय?"

मालक हसत म्हणाले, "तसं न्हवं गं, तू वाढशील की..."

ती आत निघून गेली. त्या दिवसापासून तिनं बापाशी बोलणं बंद केलं.

बंद म्हणजे अगदी बंद. आणि एका घरात राहायचं तर निरोप्या लागतो. तो मी झालो. "सर, अप्पांना सांगा, गाडीची किल्ली फ्रिजवर आहे." अप्पा समोरच उभे असायचे. "सर, तिला इचारा, जेवली का." मी विचारायचो. "सर, त्यांना सांगा, जेवले." एका रविवारी त्यांच्याकडं भरल्या वांग्याच्या पंगतीत बसून मी तासभर मीठ, ताक आणि शेंगाचटणीचे निरोप पोचवले. स्वतः एक घास धड खाल्ला नाही. मालक हसत होते, पण तिच्या ताटाकडं बघत होते. लेक रुसलीय, निवळेल, असं ते सगळ्यांना सांगायचे. ती रुसली नव्हती, दुखावली होती. त्यातला फरक मला दिसत होता आणि तो त्यांना सांगायचा धीर मला होत नव्हता.

त्यात एजंटचा फोन आला की यंदा पडताळणी कडक आहे. समितीपुढं बसावं लागेल, सरावाचे फोटो लागतील, प्रशिक्षकाची सही लागेल. प्रशिक्षक म्हणून मालकांनी माझ्याकडं बघितलं. मला पोहता येत नाही. मी पाणी बघतो ते बहुतेक बादलीतच. पण माझ्या आईला छातीत दुखलं होतं तेव्हा याच माणसानं ती बारा जणांची गाडी काढली होती आणि आई बरी होईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला होता. मी सही केली. चूक होती ती, आणि करताना मला ते माहीत होतं.

गौरीनं माझ्याकडं निरोप दिला, "सर, अप्पांना सांगा, मी होडीत बसते. पण मला कुणी विचारलं तर खरं तेच सांगणार." मी तो जसाच्या तसा पोचवला. मालकांनी अर्धाच ऐकला. "बसती म्हणाली न्हवं?" असं म्हणत ते होडी आणायलाच निघाले.

जेऊरकडं, उजनी धरणाच्या पाण्याकाठी, कुणीतरी हौसेनं पर्यटन केंद्र काढलं होतं आणि ते वर्षाच्या आत बंद पडलं होतं. तिथून मालक होडी घेऊन आले. होडी म्हणजे होडी, तिच्यातही जाती असतात हे त्यांच्या गावी नव्हतं. त्यांनी आणली ती बागेतली पायडलची होडी. पांढरी, हंसाच्या आकाराची, लांब मानेची, लाल चोचीची. आणि एकटीच्या सरावासाठी अर्थातच चार सीटची. टेम्पोत हंस मावला, मान मावली नाही. ती टपावरून पुढं आली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरून रस्त्याकडं बघू लागली. टोलनाक्यावरच्या माणसानं विचारलं, "मालक, ह्ये वाहनात लिवू का जनावरात?" टेम्पोमागं मोटरसायकलींची अशी रांग लागली की वाटेत एका गावात लोकांनी मिरवणूक समजून गुलाल उधळला. हंस वळसंगला पोचला तेव्हा एका बाजूनं गुलाबी होता.

वळसंगला मालकांचा द्राक्षाचा मळा आहे आणि मळ्यात शेततळं आहे. खड्ड्यात जाड प्लास्टिकचा कागद अंथरून पाणी साठवलेलं. मळा सांभाळणारा भीमू हंस बघून हबकला. "मालक, ह्ये बदक कशापायी?"

"बदक न्हवं बे, हंस हाय त्यो."

"हंस का असंना. कागद फाटला तर द्राक्षाला पानी कुटलं घालू?"

मालकांनी उत्तर म्हणून हंस पाण्यात सोडला. गौरी बसली. तिच्या शेजारी मी, गळ्यात शिटी आणि कमरेला ट्रॅक्टरची ट्यूब. मागं दोन सीट मोकळ्या. मालक काठावरून ओरडले, "चालू!" आम्ही पायडल मारले. सहा पायडलमध्ये समोरचा काठ आला. "कडंला लागलं!" भीमू ओरडला आणि त्यानं हंसाची मान धरून आम्हाला उलट फिरवलं. परत सहा पायडल. परत भीमू. असा आमचा सराव चार दिवस चालला. दुसऱ्या दिवशी गावातली पोरं आली, तिसऱ्या दिवशी भजीवाला आला, चौथ्या दिवशी एका आजीनं हंसाला हळदकुंकू वाहिलं आणि ती गौरीच्या पाया पडली. गौरी एकदाच हसली. मी शिटी वाजवताना पुढं झुकलो आणि पाण्यात गेलो, तेव्हा. ट्यूब वर राहिली, मी खाली. भीमूनं मला द्राक्षाच्या मांडवाच्या तारेनं ओढून काढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कागद शाबूत हाय न्हवं?"

फोटो मालकांनी स्वतः काढले. हंस दिसू नये म्हणून फक्त गौरीच घ्यायची, असा बेत होता. पण ती मान कुठं लपवणार?

पडताळणीच्या दिवशी आम्ही तिघं पुण्याला गेलो. नऊ सीट रिकाम्या. समितीत दोन सर होते आणि मध्ये एक मॅडम. मालकांनी आत शिरताच सवयीनं तिघांकडं बघितलं, पण तोंडातून आकडा निघाला नाही. मला पहिल्यांदा जाणवलं की हा माणूस घाबरलाय.

मॅडमनी फाईल उघडली. फोटो बघितला, चष्मा काढला, पुसला, परत बघितला. "हे डोक्यावर काय आहे?"

"टोपी, मॅडम," मालक घाईनं म्हणाले. "खेळाची."

"हंसाची चोच आहे," गौरी म्हणाली.

"हंस?"

"पायडलची होडी आहे, मॅडम. चार सीटर."

डावीकडच्या सरांना खोकल्याची उबळ आली आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले. उजवीकडच्या सरांनी फाईल तोंडापुढं धरली. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "प्रशिक्षक कोण?" मी पंख्याकडं बघत हात वर केला. "तुम्हाला पोहता येतं?"

"बुडण्यापुरतं," मी म्हणालो.

मग गौरी उभी राहिली. तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले. "मॅडम, हे प्रमाणपत्र माझं नाही. मी कुठल्याच स्पर्धेला गेले नाही. शेततळ्यात चार दिवस पायडल मारले, तेवढंच. माझे मार्क तुमच्या यादीत बसत नसतील तर माझं नाव काढून टाका. पण राहिलं तर माझ्या मार्कांवर राहू दे."

मालकांच्या तोंडून सवयीनं निघालं, "वाढंल की मॅडम ती, हळूहळू..."

मॅडम म्हणाल्या, "वडिलांनी बाहेर बसावं."

मालक बाहेर बसले. ज्यांच्या दुकानात मुख्याध्यापक ताटकळतात, ते मालक व्हरांड्यातल्या खुर्चीच्या टोकावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. आत गौरीनं स्वतःच्या अक्षरात सगळं लिहून दिलं. पोरीनं आपणहून सांगितलं म्हणून समितीनं तिला पुढच्या प्रवेशातून बाद केलं नाही. प्रमाणपत्र ठेवून घेतलं. माझ्याबद्दल शाळेला पत्र आलं आणि अडतीस, लांब बाह्यांच्या मुख्याध्यापकांनी मला तासभर झापलं. ते बरोबरच होतं. एजंटचे तिन्ही फोन बंद होते.

परतताना टेंभुर्णीच्या अलीकडं चहाला थांबलो. गौरी गाडीतच बसली. मालकांनी चहा हातात धरला आणि तसाच थंड होऊ दिला.

"सर," ते म्हणाले, "दुकानात पोरगं समोर हुबं असतंय. आई म्हणती ढगळ द्या, बाप म्हणतो आनखी ढगळ द्या. पोराला कुनी इचारत न्हाय, तुला बसतंय का म्हनून. मी बी कवा इचारलं न्हाय. एवडा जलम गेला." त्यांनी चहाकडं बघितलं. "आन तिला वाटलं, मला तिच्यावर इस्वासच न्हाय. मला वाटायचं, सर, शिकलेल्या मानसापुडं माजी जीभ हालत न्हाय, तशी तिची व्हायला नको. कुटं बी गेली तरी तिनं ताठ बोलावं. आन ती तर बोलली की वो आज. मला भाईर बसाय लागंल असं बोलली."

"चहा निवला," मी म्हणालो.

गौरीला सोलापूरच्या त्याच कॉलेजात, कॉम्प्युटरलाच, आपल्या मार्कांवर जागा मिळाली. फॉर्म तिनं एकटीनं भरला. वळसंगला हंस तसाच तळ्याकाठी आहे आणि भीमू त्याच्या सावलीत दुपारी झोपतो. मालकांमध्ये मात्र एक बदल झाला. दुकानात आलेल्या पोरापुढं ते गुडघ्यावर बसतात आणि विचारतात, "तुला बसतंय का रं?" पोरं घाबरून आईकडं बघतात. "आईकडं बगू नगंस. तुला इचारलंय." एका चिमुरडीनं ठणकावून "नाही" सांगितलं, तर मालकांनी तिला गोळ्यांची बरणी देऊन टाकली.

पण गौरी बोलेना. पुण्याहून आल्याला दोन महिने होत आले, तरी माझी निरोप्याची नोकरी चालूच. मालकांनी तिला एकदाही बोल म्हणून आग्रह केला नाही. संध्याकाळी कॅरम मांडून ते बसत आणि दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळत. तिच्या बाजूला गेले की मात्र नीट नेम धरून मारत.

मग कॉलेजात पालकांची सभा आली. मालक मला ओढूनच घेऊन गेले. हॉलमध्ये खुर्च्या, स्टेजवर प्राचार्य, आणि प्रत्येक पालकाच्या हातात एक कागद. पाल्याची माहिती लिहायची होती. पहिल्या वर्षाची मुलंमुली रांगांतून फिरून ते कागद गोळा करत होती. त्यांत गौरीही होती.

मालकांनी पेन घेतलं. आतापर्यंत त्यांचे सगळे कागद मी नाहीतर एजंट भरत आलो होतो. या वेळी त्यांनी मला हात लावू दिला नाही. नाव लिहिलं. पत्ता लिहिला. 'पाल्याचा आवडता विषय' इथं थांबले, डोकं खाजवलं आणि लिहिलं, 'विचारून सांगतो'. 'पाल्याची भविष्यातील इच्छा' इथंही तेच, 'विचारून सांगतो'.

शेवटचा प्रश्न होता, 'पाल्याला घरातून मिळालेले संस्कार'. त्याच्या उत्तराला त्यांनी बराच वेळ घेतला. परीक्षेतला पोरगा शेजाऱ्यानं कॉपी करू नये म्हणून जसा पेपरावर आडवा हात धरतो, तसा हात धरून लिहीत होते. मी पीटीचा सर, परीक्षेत सुपरव्हिजन करून माझी नजर तयार झालेली. मी वाकून वाचलं.

'ती खोटं बोलत नाही. हे तिला घरातून मिळालेलं नाही. तिचं तिनं मिळवलं आहे.'

गौरी आमच्या रांगेत आली. मालकांनी तिच्याकडं न बघता कागद पुढं केला. तिनं तो गठ्ठ्यावर ठेवला, आणि ठेवता ठेवता तिची नजर खालच्या ओळीवर गेली. ती तिथंच उभी राहिली. मागचे पालक कागद पुढं करत होते, तिचं लक्ष नव्हतं. मालक समोरच्या खुर्चीच्या पाठीकडं टक लावून बसले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मी तोंड उघडलं. म्हटलं, आता निरोप येईल, तयार राहावं.

गौरीनं माझ्याकडं बघितलंच नाही. तिनं गठ्ठ्यातून तो कागद परत काढला आणि बापाच्या मांडीवर ठेवला.

"अप्पा," ती म्हणाली, "सही ऱ्हायली तुमची."

मालक धडपडत उठले, परत बसले, खिसे चाचपू लागले. वरचा खिसा, बाजूचे खिसे, मग माझा खिसा. त्यांना पेन सापडत नव्हतं. ते त्यांच्या हातातच होतं.